नववीचं ताट



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं सगळं आयुष्य माध्यमिक शाळेत गेलं. मीही विज्ञान शिकवत तिथंच घडले. म्हणून विषय शाळेचाच घेतला आहे, पण वर्गातला नाही, मधल्या सुट्टीतला. जळगाव आणि धुळे या आपल्या दोन शहरांत माध्यमिक शाळेच्या आसपास पोरांना काय खायला मिळतं, ते खावंसं वाटावं म्हणून कोण काय करतं, आणि त्यात आपलं मोठ्या माणसांचं काय चुकतंय, हे आज मांडायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या विषयावर बोलणं निघालं की पहिली मागणी येते ती फाटकासमोरच्या गाड्या हटवा अशी. ती मला अपुरी वाटते. आपल्या राज्यात मूल आठवी पास झालं की शाळेतलं त्याचं जेवण बंद होतं. नेमक्या त्याच वळणावर त्याची मधली सुट्टी आपण बाजाराच्या हवाली करतो. ताट काढून घ्यायचं आणि मग पाकीट खाल्लं म्हणून मुलाला रागवायचं, हा क्रमच उलटा आहे.

पोषण आहाराची केंद्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी कोरडा तांदूळच घरी दिला जायचा. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिला आणि खिचडीचं पातेलं खऱ्या अर्थानं शाळेत आलं. पुढं सहावी ते आठवीची मुलंही योजनेत आली. २०२१ पासून तिला ‘पीएम पोषण’ म्हणतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं असं तिचं माप आहे. नववीसाठी माप नाही, कारण नववी योजनेतच नाही.

आता आपल्याकडच्या संस्थांच्या माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर आणा. बहुतेक ठिकाणी पाचवी ते दहावी एकाच इमारतीत भरते. मधल्या सुट्टीची घंटा झाली की आठवीपर्यंतची मुलं ताटल्या घेऊन व्हरांड्यात बसतात आणि नववी-दहावीची मुलं त्यांच्या अंगावरून फाटकाकडे जातात. चौदा वर्षांचा मुलगा. उंची झपाट्यानं वाढायचं हेच वय. मुलींची पाळी सुरू होऊन एक-दोन वर्षं झालेली असतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागतं. शरीराची मागणी सगळ्यात मोठी असते तेव्हा सरकारचा हात मागं जातो. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या मुलाची भूक कमी झाली असं कुणी समजत असेल, तर त्यानं चौदा वर्षांचं पोर घरात कधी पाहिलेलंच नाही.

२०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकार आणि युनिसेफ यांनी मुलांच्या पोषणाची जी सर्वंकष राष्ट्रीय पाहणी केली, तिच्यात १० ते १९ वयाच्या मुलींपैकी ४० टक्के आणि मुलांपैकी १८ टक्के रक्तक्षयी निघाले. याच वयातली २४ टक्के मुलंमुली बारीक होती आणि ५ टक्के वजनानं जास्त. हे आकडे देशाचे आहेत, पण वर्गातल्या बाकांवर बसणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते ओळखीचे वाटतील. शाळेभोवतालच्या खाण्याची चर्चा आपण मोठ्या शहरांकडून उचलतो आणि लगेच लठ्ठपणावर जातो. लठ्ठपणा आपल्याकडेही येतो आहे. पण खानदेशातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मला जास्त भीती वाटते ती पोट भरल्यासारखं होऊन रक्त न भरण्याची. पाकिटातली तळलेली नळी भूक मारते. घरी गेल्यावर भाकरी अर्धीच खाल्ली जाते. आईला वाटतं, पोरगी नखरे करते.

फाटकाबाहेर काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी जरा थांबून पाहू. धुळ्यात देवपूरच्या बाजूला जा, जळगावात रिंग रोड किंवा जिल्हा पेठेत जा, चित्र फारसं वेगळं नाही. एक वडापाव-समोशाची गाडी, एक पाणीपुरीची, संध्याकाळच्या सुमारास चायनीजची. बर्फगोळा आणि प्लॅस्टिकच्या नळीतली पेप्सी. आणि त्यांच्या मागं एक-दोन किराणा दुकानं किंवा टपऱ्या, ज्यांच्या दारावर पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांच्या लड्या लोंबत असतात. लडी छपरापासून खाली सोडलेली असते. तिचं खालचं टोक बरोबर मुलाच्या डोळ्यांसमोर येतं.

आमच्या लहानपणी बोरं, चिंचा, कवठ, आवळे, कैरीच्या फोडी, फुटाणे, गूळशेंगदाणे, भेळभत्ता असं असायचं. त्या आठवणीत मी फार रमणार नाही. त्यावरही माशा बसायच्या, गोळ्याच्या रंगात काय असतं हे तेव्हाही कुणी विचारत नव्हतं. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीत. बोरं विकणाऱ्या आजीची जाहिरात नव्हती. ती ज्या दिवशी येत नसे, त्या दिवशी बोरांची आठवणही होत नसे. आजच्या पाकिटाची आठवण करून द्यायला पगारी माणसं आहेत.

पाच रुपयांचा हिशेब मी मुलांकडून वर्गात करून घेत असे. पाकिटात १५ ग्रॅम माल असेल, तर किलोला ३३३ रुपये पडले. भाजलेले शेंगदाणे याहून बरेच स्वस्त येतात आणि त्यांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. मुलांना हा हिशेब पटायचा, तोंडं वेडीवाकडी करून पटायचा, आणि तरी दुसऱ्या दिवशी हातात पाकीटच असायचं. यात मुलांचा दोष नाही. पाच रुपयांचे शेंगदाणे द्यायला फाटकाशी कुणी उभंच नसतं. थंड पेयाचं तसंच. साध्या कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये दहा-अकरा ग्रॅम साखर असते. अडीचशेची बाटली म्हणजे पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांखाली ठेवा, जमलं तर पाच टक्क्यांखाली. ती पाच टक्क्यांची मर्यादा एका बाटलीत संपते.

यात अलीकडे भर पडली आहे ती एनर्जी ड्रिंकची. दहावीचा अभ्यास, रात्रीचं जागरण, आणि वीस रुपयांच्या आसपास मिळणारी भडक रंगाची बाटली. लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असलेल्या या पेयावर ते मुलांसाठी योग्य नाही असं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. छापलेलंही असतं, बारीक अक्षरात. जुलै २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी विधान परिषदेत शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशा पेयांच्या विक्रीवर बंदी आणण्याचं जाहीर केलं. त्या घोषणेचा आपल्या गल्लीतल्या दुकानावर काय परिणाम झाला, ते इथून घरी जाताना प्रत्येकानं स्वतः पाहावं.

जाहिरात म्हटलं की आपल्याला टीव्ही आठवतो. टीव्हीवरच्या जाहिरातींना २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी थोडा लगाम घातला. चिप्स, थंड पेयं अशा पदार्थांची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा मुलांच्या वाहिनीवर करायची नाही असं त्यात म्हटलं आहे. पण नववीतला मुलगा कार्टून पाहत नाही, तो क्रिकेट पाहतो आणि मोबाइल पाहतो. आणि शाळेभोवतीची जाहिरात तर जाहिरात म्हणून ओळखूच येत नाही. दुकानाची पाटी घ्या. मालकाचं नाव कोपऱ्यात, थंड पेयाचं नाव ठळक. ती पाटी कंपनीनं फुकट करून दिलेली असते. दुकानातला काचेचा फ्रीज कंपनीचा, आत लागणारी वीज दुकानदाराची, आणि अट ही की पुढच्या कप्प्यात त्यांच्याच बाटल्या दिसल्या पाहिजेत. त्याच फ्रीजमध्ये ताकाची पिशवी ठेवायला जागा उरत नाही. शटर रंगवून मिळतं, उन्हासाठी छत्री मिळते. छोट्या दुकानदाराला हे सगळं नाकारणं परवडत नाही, आणि मी त्याला नाकार म्हणणारही नाही. मात्र शाळेच्या वाटेवर मुलगा रोज दोनदा ज्या रंगांमधून चालतो ते रंग कुणी विकत घेतलेले आहेत, एवढं आपण समजून घ्यायला हवं.

कायदा काय म्हणतो? इथं थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण हा कायदा आहे हेच फार थोड्या पालकांना माहीत आहे. दिल्ली उच्च न्यायालयात २०१० मध्ये एका संस्थेनं शाळांभोवतीच्या जंक फूडविरुद्ध जनहित याचिका केली. २०१५ मध्ये न्यायालयानं त्यावर निकाल दिला. त्याच वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं नेमलेल्या गटानं शाळेच्या वेळात २०० मीटरच्या आत असे पदार्थ विकू नयेत अशी शिफारस केली. प्रत्यक्ष नियम यायला आणखी पाच वर्षं गेली. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं ४ सप्टेंबर २०२० ला नियम अधिसूचित केले, ते १ जुलै २०२१ पासून लागू झाले, आणि तोवर दोनशेचे पन्नास मीटर झाले होते. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून कुठल्याही दिशेला ५० मीटरच्या आत, संपृक्त किंवा ट्रान्स मेद, वरून घातलेली साखर किंवा मीठ जास्त असलेले पदार्थ विकायचे नाहीत, फुकट वाटायचे नाहीत, त्यांची जाहिरात करायची नाही. पन्नास मीटर म्हणजे चालत पाऊण मिनिट.

याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे. ही मनाई सांगणारा फलक शाळेनं आपल्या प्रत्येक प्रवेशद्वारावर लावायचा आहे, इंग्रजीत किंवा भारतीय भाषेत. तंबाखूचा फलक आपण सगळ्यांनी पाहिला आहे. २००३ च्या कायद्यानं शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखूविक्री बंद, हे पहिलीतलं पोरही वाचून दाखवतं. कितीतरी शाळांनी रस्त्यावर पिवळी रेघसुद्धा मारली. ती मोहीम शिक्षकांनी आणि मुलांनी उचलून धरली म्हणून चालली. पन्नास मीटरचा फलक मात्र मला आमच्या दोन्ही शहरांत आठवत नाही. कुणाच्या शाळेत असेल तर त्या मुख्याध्यापकांना मी जाहीर नमस्कार करते.

राज्य सरकारनंही ८ मे २०१७ ला शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, थंड पेयं अशा पदार्थांवर बंदी घातली आणि त्याऐवजी पोळी, भात, डाळ, इडली, खीर, नारळपाणी असं काय ठेवावं याची यादी दिली. यादी चांगली आहे. पण आपल्याकडच्या किती माध्यमिक शाळांना उपाहारगृह आहे? जिथं दुकानच नाही तिथं दुकानातल्या मालाची यादी काय करणार?

आणि शाळा तरी मुलाला दिवसातून किती तास भेटते? नववी-दहावीचा मुलगा शाळेच्या आधी एका क्लासला असतो, नंतर दुसऱ्या. जळगावात आणि धुळ्यात क्लासच्या गल्ल्याच झाल्या आहेत. तिथल्या जिन्याखाली जी दुकानं आहेत, त्यांच्यापासून मोजायला फाटकच नाही. बाहेरगावच्या मुलांचं तर वेगळंच आहे. सकाळी सातची शाळा असेल, तर एरंडोल, शिंदखेड्याच्या बाजूच्या खेड्यातली मुलगी पहाटेच्या एसटीनं निघते. प्रवास तिला अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे, फार मोठी गोष्ट आहे ती. त्या पासमुळे कितीतरी मुली दहावीपर्यंत पोचल्या. पण एवढ्या पहाटे आईच्या चुलीवर भाकरी झालेली नसते. चहा पिऊन निघालेली ती मुलगी दहा वाजता मधल्या सुट्टीत काय खाते, हे मला कुठल्याही तक्त्यात सापडलेलं नाही, वर्गात मात्र रोज दिसायचं. गाडीवर मुलांच्या घोळक्यात उभं राहायला मुलींना संकोच वाटतो. त्या दुकानातून पाकीट घेतात, दप्तरात टाकतात आणि वर्गात येऊन दोघी-तिघींत वाटून खातात. तेवढंच असतं दीड वाजेपर्यंत, कधी अडीचपर्यंत, एसटी चुकली तर.

मग गाडीवाल्यांचं काय करायचं? ते आपलेच लोक आहेत. कित्येकांची मुलं त्याच शाळेत शिकतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं त्यांना हक्क दिले आहेत, आणि त्यांची जागा ठरवायला महापालिकेत शहर फेरीवाला समिती असते. त्या समितीत शाळांविषयी बोललं जावं. वडा तळणाऱ्याला एकदम हाकलण्यापेक्षा तेल किती वेळा वापरायचं हे त्याला सांगावं. तळणाच्या तेलात बिघडलेला अंश २५ टक्क्यांच्या पुढं गेला की ते फेकायचं, हा नियम २०१८ पासून आहे. गरम पोहे, मोड आलेल्या मटकीची उसळ, उकडलेलं अंडं विकणाऱ्याला फाटकाजवळची जागा द्यावी आणि पाकिटांच्या लड्या पन्नास मीटरच्या पलीकडे जाव्यात. गाडीवाला शाळेशी बोलू शकतो, कारण तो समोर उभा असतो. लडी बनवणारा समोर येत नाही, म्हणून कारवाई नेहमी गाडीवर होते. हे मला अन्यायाचं वाटतं.

खरं तर खायला घालण्याच्या बाबतीत खानदेशाला कुणाकडे पाहायची गरज नाही. रावेर, यावल, चोपड्याची केळी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सावदा आणि रावेर स्टेशनांवरून केळी दिल्लीकडे जाते, आखाती देशांतही जाते. निर्यातीच्या प्रतवारीत सालीवरच्या एका डागासाठी बाजूला पडलेलं केळं खायला तितकंच गोड असतं. जळगावच्या डाळमिलांची डाळ देशभर जाते. दादर ज्वारी आहे, कळण्याची भाकरी आहे, शेंगदाणे आहेत. फुनके तर वाफवलेल्या डाळीचेच. राज्यानं नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं देण्याचं ठरवलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला गेला. केळीच्या आगरात राहून शाळेतल्या मुलाच्या हातात केळं देण्यासाठी आपण मंत्रालयाकडे किती दिवस पाहणार आहोत?

शिकणाऱ्या पोराला जेवू घालणं ही गावाची जबाबदारी आहे, हे आपल्या आधीच्या पिढ्यांना सांगावं लागत नव्हतं. खेड्यातून शहरात आलेला मुलगा वार लावून जेवायचा, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात जातीची कुंपणं होती, अपमानही होता, ती व्यवस्था परत यावी असं मी म्हणणार नाही. पण जबाबदारी घेण्याची दुसरी रीतही आपल्याकडेच होती. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले आणि पुढं तिथल्या छात्रालयाचं काम त्यांनी अंगावर घेतलं. मुलांची अंथरुणं, आजारपणं, सगळं ते शिकवण्याचाच भाग मानत. त्या छात्रालयातली मुलं माध्यमिक शाळेतलीच होती, आपण ज्यांना आज मोठी झाली म्हणून ताटावरून उठवतो त्याच वयाची.

शेजारच्या कर्नाटकात शाळेतलं जेवण दहावीपर्यंत मिळतं. तमिळनाडूत १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी पौष्टिक जेवणाची योजना सुरू केली आणि १९८४ मध्येच ती पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना लागू केली. चाळीस वर्षं झाली त्याला. ती राज्यं काही बुडाली नाहीत. महाराष्ट्रानं नववी-दहावी योजनेत आणावी ही माझी पहिली मागणी आहे, आणि जळगाव-धुळ्याच्या आमदारांनी ती सभागृहात मांडावी. स्वयंपाकघर आहे, पातेली आहेत, शिजवणाऱ्या बायका आहेत. वाढवायचे आहेत ते तांदूळ, डाळ आणि त्या बायकांचं मानधन.

जाहिरातीच्या बाबतीत बाहेर पाहायचं तर दोन उदाहरणं पुरेशी आहेत. चिलीनं २०१६ पासून साखर, मीठ, मेद जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का छापायला लावला, ते पदार्थ शाळेतून बाहेर काढले आणि लहान मुलांना भुलवणारी चित्रं पाकिटांवरून उतरवली. लंडनच्या वाहतूक संस्थेनं फेब्रुवारी २०१९ पासून आपल्या बस आणि भुयारी रेल्वेवर अशा पदार्थांच्या जाहिराती घ्यायच्या बंद केल्या. दुसरं उदाहरण आपल्या जास्त जवळचं आहे. शहरातल्या होर्डिंगला परवानगी महापालिका देते. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २००३ मध्ये झाल्या, आता त्या लहान नाहीत. शाळेच्या रस्त्यावरच्या फलकासाठी परवाना देताना अशा पदार्थांची जाहिरात चालणार नाही, एवढी एक अट त्यांना घालता येईल. बसस्थानकांवरच्या फलकांसाठी एसटी महामंडळालाही.

सभागृहातलं जेव्हा होईल तेव्हा होईल. तोवर शाळांनी करण्यासारखं बरंच आहे. फलक येत्या आठवड्यात लागू शकतो. मराठीत लावा, मोठ्या अक्षरात, आणि अंतर मोजायचं काम नववीच्या मुलांनाच द्या, टेप घेऊन. भूमितीचा एक तास चांगला जाईल. महिला बचत गटाला आवारात एक टेबल द्या: पोहे, उसळ, केळं, ताक. नियमाप्रमाणे त्यांची अन्न नोंदणी करून घ्या, ती अवघड नाही. परवडत नसेल अशा मुलामुलींचे पैसे माजी विद्यार्थी देतील. आपल्या भागात लग्नाच्या पंगतीला मागंपुढं न पाहणारी माणसं आहेत, त्यांना कुणी मागितलेलंच नाही. पालक सभेत गुणपत्रिकेच्या आधी डब्यावर बोला. आणि फलक लावूनही लड्या हलल्या नाहीत, तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात शाळेच्या लेटरहेडवर अर्ज द्या, एक प्रत महापालिका आयुक्तांना, एक शिक्षणाधिकाऱ्यांना. अर्जाचा मसुदा मी तयार करून आणला आहे. सभेनंतर दाराशी टेबलावर ठेवते, मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी न्यावा, आपल्या शाळेचं नाव घालावं आणि जूनच्या आधी पाठवावा.